'ॲस' म्हणजे गाढव, आणि 'ॲस' म्हणजे गाढव नव्हेच

इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षके वाचताना एक चूक मला वारंवार भेटते आणि दर वेळी तितकीच खटकते. पडद्यावरचे पात्र चिडून 'मूव्ह युअर ॲस' म्हणते आणि खाली 'गाढवा, चल लवकर' असे उमटते. गाढव ही शिवी आपल्याकडे घरोघरी असल्याने भाषांतर चपखल वाटते, पण मूळ वाक्यात गाढव कुठेही नाही; तिथे आहे ते ढुंगण.

गाढवाच्या 'ॲस'बद्दल फार सांगायला नको. जुन्या इंग्रजीत तो 'अस्सा' होता, त्याचे मूळ लॅटिन 'असिनस'पर्यंत पोहोचते, आणि मूर्खाला गाढव म्हणण्याची रीत इंग्रजीतही आपल्यासारखीच सरळ आहे. 'जॅकॲस' हा याच घराण्यातला शब्द असून त्याचा मूळ अर्थ नर गाढव एवढाच आहे.

खरा घोटाळा दुसऱ्या शब्दाचा आहे. गाढव मागच्या पायांनी लाथा झाडते, म्हणून त्याच्या नावाला पार्श्वभागाचा अर्थ चिकटला, असे स्पष्टीकरण मोठ्या विश्वासाने दिले जाते आणि ते साफ चुकीचे आहे. इथे एका शब्दाचा अर्थ सरकलेला नाही; दोन वेगळे शब्द उच्चारात एकमेकांवर येऊन आदळले आहेत. पार्श्वभागासाठीचा जुना इंग्रजी शब्द 'ॲर्स' हा अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्यातलाच, असून आजचा जर्मन 'आर्श' त्याचा भाऊबंद आहे. इंग्रजीच्या अनेक बोलींत 'स'च्या आधीचा 'र' गळून पडला, आणि हे दक्षिण इंग्लंडमध्ये 'र' सर्रास क्षीण होण्याच्या पुष्कळ आधीपासून घडत होते. 'कर्स'चा 'कस', 'बर्स्ट'चा 'बस्ट' आणि 'हॉर्स'चा 'हॉस' याच वाटेने झाला. 'बॅस' नावाचा मासाही पूर्वी 'बॅर्स' होता. त्याच न्यायाने 'ॲर्स'चा 'ॲस' झाला आणि अमेरिकेत तोच रुजला. ब्रिटनमध्ये मात्र 'आर्स' लिहिण्यात टिकून राहिला, त्यामुळे माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी ब्रिटिश लेखनाची आहे. 'पेन इन द आर्स' असे तिथे लिहितात, म्हणून अमेरिकन 'पेन इन द ॲस'मध्ये गाढव असू शकत नाही; 'सिली ॲस'मध्ये तिथेही 'र' येत नाही, म्हणून तिथे खुशाल गाढव म्हणावे.

या टकरीची किंमत गाढवाने मोजली. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये 'ॲस' हा निःसंकोच, प्रतिष्ठित शब्द आहे. 'डाँकी' हा शब्द 1785च्या सुमारास बोलीभाषेतून छापील कोशात आला, तेव्हा तो 'मंकी'शी यमक जुळवून उच्चारला जाई, आणि पुढे ऐकायला ओशाळवाण्या झालेल्या 'ॲस'ची जागा त्याने घेतली. कोंबड्यासाठी 'कॉक'ऐवजी 'रूस्टर' म्हणणे अमेरिकेत रूढ झाले, त्यामागेही असाच संकोच आहे. प्राणिशास्त्राने मात्र जुना शब्द सोडला नाही, आणि ते योग्यच झाले: कच्छच्या लहान रणातील रानगाढवाला इंग्रजीत आजही 'इंडियन वाइल्ड ॲस'च म्हणतात, आणि त्या नावात हसण्यासारखे काहीही नाही.

शेक्सपिअरच्या नाटकात गाढवाचे डोके लाभलेल्या बॉटम या पात्राच्या नावावरही, 'बॉटम' म्हणजे ढुंगण म्हणून डोके 'ॲस'चे, अशी कोटी लादली जाते. बॉटम हा विणकर आहे, आणि ज्यावर सूत गुंडाळतात त्या गाभ्याला विणकर 'बॉटम' म्हणत. त्याच्या नावाचा उलगडा आधी तिथे शोधावा, कारण 'बॉटम'चा ढुंगण हा अर्थ लेखनात स्पष्टपणे दिसतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीस.

'बिग-ॲस ट्रक'सारख्या अमेरिकन प्रयोगांत तर हा शब्द केवळ जोर देणारा प्रत्यय उरला आहे. तिथे गाढवही नको आणि ढुंगणही नको. 'भला थोरला ट्रक' एवढे पुरते.