बीड, नीडल की पिसू? मॅग्नेटिक स्टिररची पार्श्वभूमी

मॅग्नेटिक स्टिरर म्हणजे बीकरमधलं द्रव ढवळायचं मशीन: बीकरमध्ये कोटिंगवाल्या मॅग्नेटची छोटी कांडी टाकायची, तिलाच आम्ही बीड म्हणतो, आणि खालचं मशीन ती मॅग्नेटच्या जोरावर फिरवतं. सोलापुरात स्टिरर बघायचा तर कॉलेजची केमिस्ट्री लॅब, चिंचोळीकडच्या औषध कंपन्या, नाहीतर टॉवेल-चादरीच्या डाइंगवाल्यांची शेड मॅचिंगची लॅब. मी या शेवटच्या गोतावळ्यातला. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडचे सगळे स्टिरर एकाच घाटणीचे, वर स्टीलची प्लेट, पुढे दोन नॉब, एक स्पीडचा एक हीटचा, दिसायला सेम टू सेम. घाईत स्पीड वाढवायला जाऊन हीट वाढवलेली मी दोनदा बघितलीय. हीटच्या नॉबवर डिग्री नाहीच, नुसते १ ते १०, आणि आतला थर्मोस्टॅट टकटक करत तोडजोड करायचा, त्यात बारीक ठिणगी पडते, म्हणून ॲसिटोन, ईथर असलं पटकन पेट घेणारं काही त्याच्या आसपास नको.

त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की स्टिरर बंद, आली की नॉब होता तिथूनच एकदम जोरात चालू, बीड उडायची, रंग बीकरच्या बाहेर, आणि हीट पण चालूच. आताच्या काही डिजिटल मशिनांत लाइट आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते, प्लेट जास्त तापली की हीट तोडणारं वेगळं सर्किट असतं. पैसे द्यायचे तर यासाठी, डिस्प्लेसाठी नाही.

तशी मूळ आयडिया जुनी. १९१७ च्या अमेरिकन पेटंटात खाली फिरणारं काही नव्हतंच, इलेक्ट्रोमॅग्नेटनेच काम. खाली मॅग्नेट फिरवून वरचं कोटिंगवालं मॅग्नेट फिरवायचं पेटंट १९४४ चं. मोटरऐवजी कॉइलवर चालणारे चपटे स्टिरर आता परत आलेत.

खरा घोळ नावाचा. बीड म्हणावं तर मण्याला भोक असतं, याला नाही, आणि नवीन पोराला 'बीड आण' म्हटलं की त्याला धाराशिवच्या पुढचं बीड आठवतं. काही लॅबमध्ये नीडल म्हणतात, पण सुईसारखं त्यात काय आहे बे? ब्रिटिश म्हणतात फ्ली, म्हंजे पिसू, स्पीड जास्त झाला की ती उड्या मारतेच, तेव्हा हे मला पटतं. बीड म्हटल्यामुळे ऑर्डर पण 'बीड, ५ नग' अशीच जाते, लांबी कोणी लिहीत नाही, दुकानदार असेल ती पाठवतो. २५० मिलीच्या बीकरला २५ मिमीची बरी, गोल बुडाच्या फ्लास्कला अंड्याच्या आकाराची. मशिनवर क्षमता म्हणून लिहिलेले '२ लिटर' पण पाण्याचे असतात, प्रिंटिंगच्या घट्ट अल्जिनेट पेस्टचे नाहीत, पेस्टमध्ये बीड जागेवरच थरथरत बसते. तेव्हा स्पीड शून्यावर आणून हळूहळू चढवायचा, तरी नाही फिरली तर वरून मोटरवाला स्टिरर लावायचा.

आणि बीकर ओतायच्या आधी बीड काढा. आमच्या सिंकच्या पाइपातून जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून सोडलं तेव्हा एकदम तीन वर आल्या होत्या.