द मोअर द मेरिअर

अमेरिकन विनोदी प्रेमपट (१९४३), कृष्णधवल. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, निर्मिती कोलंबिया पिक्चर्स. प्रमुख भूमिकांत जीन आर्थर, जोएल मॅक्री आणि चार्ल्स कोबर्न.

कथा घडते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या वॉशिंग्टनमध्ये. युद्धामुळे सरकारी खात्यांत इतकी नोकरभरती झाली होती की शहरात राहायला जागा मिळेना. नोकरदार कॉनी मिलिगन देशकार्य म्हणून आपली अर्धी जागा भाड्याने द्यायला काढते. भाडेकरू मात्र बाईच हवी. येतात ते बेंजामिन डिंगल, निवृत्त लक्षाधीश. दाराशी लागलेल्या रांगेला ते घरमालकाच्या थाटात ‘जागा गेली’ म्हणून वाटेला लावतात आणि स्वतः आत शिरतात. पुढे आपल्या अर्ध्यातला अर्धा भाग ते जो कार्टर या सार्जंटला परस्पर देऊन टाकतात.

सकाळी कोणी किती वाजता न्हाणीघरात जायचे, कॉफी कधी ठेवायची, याचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक कॉनी आखून देते. ते पाळताना डिंगल यांची तारांबळ उडते, त्यात पँटही सापडेनाशी होते. कोबर्न यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर का मिळाले, ते या एका प्रवेशातही कळते.

कॉनीचे लग्न पेंडरगॅस्ट नावाच्या रुक्ष अधिकाऱ्याशी ठरलेले असते. रात्री घराच्या पायऱ्यांवर ती जोला त्याचे गुण सांगत बसते. इकडे जोचे हात काही जागेवर राहत नाहीत आणि तिचे बोलणे अडखळू लागते. मग आपापल्या खोलीत पडल्या पडल्या दोघे मधल्या पातळ भिंतीतून प्रेमाची कबुली देतात. कॅमेरा दोघांना एकाच चौकटीत धरतो. कडक सेन्सॉर संहितेच्या काळात एवढी जवळीक दाखवायला ती भिंतच कामी आली. त्यानंतरचा हेरगिरीचा संशय आणि घाईचे लग्न हा भाग त्या मानाने ओढूनताणून आणलेला वाटतो.

चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने होती. जीन आर्थर यांचे हे एकमेव नामांकन. स्टीव्हन्स नंतर सैन्याच्या चित्रीकरण पथकात गेले. नॉर्मंडीची चढाई आणि डाखाऊची छळछावणी त्यांच्या पथकाने टिपली. विनोदी प्रेमपटांकडे ते पुन्हा वळले नाहीत. हीच कथा १९६६ मध्ये ‘वॉक, डोन्ट रन’ या नावाने, १९६४ च्या ऑलिंपिकमुळे गजबजलेल्या टोकियोत नेण्यात आली. त्यात डिंगलच्या जागी कॅरी ग्रँट होते. हा त्यांचा शेवटचा चित्रपट.