‘फूस लावून नेले’ या तीन शब्दांपूर्वीचे महिने

गोव्यातील मराठी दैनिकांत एक छोटी बातमी वारंवार येते. सतरा वर्षांची मुलगी घरातून निघून गेली, पालकांनी तक्रार दिली आणि अज्ञाताने तिला फूस लावून पळवून नेल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदवला. वाचणारा समजून जातो की कोणीतरी गोड बोलून तिला नेले असणार. वस्तुतः ते वाक्य लिहिले जाते तेव्हा तपास सुरूही झालेला नसतो. अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी समजून तत्काळ गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये दिला आणि तेव्हापासून परीक्षेत नापास झाल्याने मावशीकडे निघून गेलेल्या मुलीच्या प्रकरणातही हेच शब्द येतात. आदेश योग्यच होता, कारण त्याआधी असे अर्ज नुसते नोंदवहीत पडून राहत. मात्र सरसकट वापरामुळे ‘फूस’ या शब्दाची धार गेली. जिला खरोखर महिनोन्‌महिने जाळ्यात ओढले, तिची हकीकतही त्याच ठरावीक वाक्यात बुजून जाते.

या शब्दामागचा कायदा गोव्याला दोन वाटांनी मिळाला. मुक्तीपूर्वी येथे 1886 ची पोर्तुगीज दंडसंहिता होती. बारा ते अठरा वर्षांच्या कुमारिकेला भुलवून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे हा त्या संहितेत स्वतंत्र गुन्हा होता. पण आरोपीने मुलीशी लग्न करावे, अन्यथा तिला हुंड्यादाखल रक्कम द्यावी, अशी तरतूदही सोबत होती. फसवणाऱ्याच्याच घरी मुलीला पाठवण्याची ही वाट कायद्याने बंद झाली. अब्रूच्या भीतीने ‘लग्न लावून प्रकरण मिटवा’ म्हणणारे मात्र गावोगाव आजही भेटतात. मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि अल्पवयीन मुलीला पालकांच्या ताब्यातून ‘नेणे’ किंवा ‘फूस लावणे’ ही तिची भाषा येथे आली.

या दोन्ही शब्दांचा अर्थ सहजी ठरला नाही. 1964 मध्ये मद्रासच्या एका खटल्यात, सज्ञान होण्यास थोडाच अवधी उरलेली महाविद्यालयीन मुलगी स्वतः दूरध्वनी करून तरुणाला भेटली आणि त्याच्याशी नोंदणी विवाह करून त्याच्यासोबत राहिली. तिला नेणे आणि तिला सोबत येऊ देणे यांत फरक आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्या तरुणास सोडले. स्वतःचे बरेवाईट कळणाऱ्या मुलीच्या निर्णयाचा मान त्या निकालाने राखला आणि तो आजही मोलाचा आहे. परंतु पुढे कित्येक आरोपींच्या वकिलांनी याच निकालाची ढाल केली: मुलगी आपल्या पायांनी चालत आली, मग गुन्हा कसला?

या प्रश्नाचे उत्तर 1973 च्या एका निकालात आहे, आणि माझ्या मते त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. गुजरातमधील एका कारखानदाराने एका शाळकरी मुलीशी ओळख वाढवली, तिला भेटवस्तू दिल्या, तिच्या मनात आशा जागवली आणि अखेर एके दिवशी ती आपण होऊन त्याच्याकडे गेली. न्यायालयाने त्याला दोषी धरले. फूस लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मनात आशा किंवा इच्छा निर्माण करून त्याला ओढणे. तिची रूपे अगणित आणि कधी अत्यंत सूक्ष्म असतात. तिचा परिणाम लगेच होईल किंवा नकळत, थोडाथोडा साचत जाऊन पुष्कळ काळाने दिसेल, असे त्या निकालाचे प्रतिपादन आहे. मुलगी ज्या दिवशी घर सोडते त्या दिवसापुरते न पाहता त्याआधीचे सारे महिने पाहावेत, हा त्याचा सरळ अर्थ. तपासाची सवय मात्र उलटी आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या गाडीतून एवढेच विचारले जाते.

त्या आधीच्या महिन्यांत काय घडते? हंगाम सुरू झाला की किनाऱ्यावरची हॉटेले, मसाज पार्लरे आणि मांडवीतील कॅसिनो यांत कामाला आलेल्या परप्रांतीय मुली कळंगुट किंवा पर्वरीला भाड्याच्या खोलीत दोघी-तिघी मिळून राहतात. डिपॉझिट भरायचे असते, पगार महिना संपल्यावर मिळणार असतो. अशा वेळी ओळखीतला एखादा पैसे पुढे करतो आणि परत मागत नाही. रात्रीची पाळी सुटल्यावर बस नसते, तेव्हा तो दुचाकी घेऊन दारात उभा असतो. तो आधी तिच्या घरची चौकशी करतो. वडील आहेत का, भाऊ कुठे असतो, घरी पैसे कोण पाठवते. ही विचारपूस तिला मायेची वाटते, त्याला मात्र तिच्या उत्तरांतून तिच्या मागे कोणी उभे नाही एवढे कळते. मग खोलीतल्या मैत्रिणी वाईट चालीच्या असल्याचे तो सांगू लागतो, नवा फोन देतो, त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. कर्जाचा पहिला उच्चार होतो तेव्हा सल्ला विचारायला तिच्याजवळ दुसरे माणूस उरलेले नसते. गोव्याच्या गावातल्या मुलीबाबत मायेचा बहाणा बदलतो, क्रम बहुधा हाच राहतो. देशभरात बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीतले असतात, असे सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते.

गोव्याने हा प्रकार सर्वप्रथम उघडपणे पाहिला तो मुलींच्या नव्हे, मुलग्यांच्या बाबतीत. 1991 मध्ये मडगावात निराधार मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या, समाजात प्रतिष्ठा असलेल्या एका वृद्धाला अटक झाली आणि 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. अन्न, निवारा आणि शिक्षण देणारा हातच मुलांचे शोषण करत होता आणि देणगीदारांचा विश्वास त्याला संरक्षण देत होता. त्या धक्क्यातून आलेल्या जाणिवेचा मोठा वाटा 2003 च्या गोवा बाल कायद्यात आहे. नातलगांसोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, अशी जबाबदारी त्याने हॉटेलांवर टाकली. मात्र मूळ कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती असे म्हणून बलात्काराच्या पीडितेपुरती ती मर्यादा सोळावर आणलेली होती. ज्या वयाच्या मुली सर्वाधिक हेरल्या जातात, त्याच वयाला ही फट होती. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने ती बुजवली.

बायणा किनाऱ्यावरील वेश्यावस्ती जून 2004 मध्ये, ऐन पावसाळ्यात पाडण्यात आली. व्यवसाय थांबला नाही. तो भाड्याच्या फ्लॅटांत, हॉटेलांत आणि पुढे फोनवर पसरला. ओळख करून देऊन, जवळीक साधून मुलगी मिळवणाऱ्या दलालाला त्यामुळे अधिक महत्त्व आले.

शोषणासाठी आधी जवळीक साधण्याच्या या पद्धतीला इंग्रजीतून आलेला ‘ग्रूमिंग’ हा शब्द गोव्यात वेगळीच अडचण करतो. येथील हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या लेखी ग्रूमिंग म्हणजे नखे कापलेली, केस बांधलेले, बूट चकचकीत. त्यांच्यासमोर या विषयावर बोलताना पहिली दहा मिनिटे शब्द समजावण्यात जातात. हल्ली तो धर्माच्या भांडणातही ओढला जातो आणि पुरुषाची पद्धत तपासण्याऐवजी त्याचे नाव तपासले जाते. मला ‘विश्वास संपादन करणे’ हे जुनेच शब्द बरे वाटतात, कारण त्यांत वेळ लागतो हे गृहीत आहे.

कायद्यात ही कल्पना स्पष्टपणे आली ती 2009 पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुरुस्तीने: लैंगिक कृत्यासाठी बालकाशी ऑनलाइन संबंध जोपासणे, त्याला त्यात ओढणे हा गुन्हा ठरला. अठरा वर्षे पूर्ण होताच हे संरक्षण संपते. तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2011 मध्ये मान्यता दिली. त्यात ‘असहाय स्थितीचा गैरफायदा’ हे साधन नोंदलेले आहे. 2013 मध्ये आपल्या दंडसंहितेत तस्करीची नवी व्याख्या घालताना बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, आमिष हे सारे घेतले आणि नेमके तेवढे शब्द वगळले. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात ते शब्द सर्वाधिक उपयोगी पडले असते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 ने लग्नाच्या खोट्या वचनाबरोबर नोकरी किंवा बढतीच्या आमिषाने, अथवा ओळख लपवून लग्न करून ठेवलेला शरीरसंबंधही दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र केला. नोकरीचा उल्लेख गोव्यासाठी महत्त्वाचा आहे. पण वचन देतानाच ते पाळायचे नव्हते, हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी आता बहुतेक वेळा फोनमधील संदेशांच्या छापील प्रती प्रमाणपत्रासह न्यायालयात येतात. धमक्या शेवटच्या पानांवर असतात. पहिल्या पानांवर ‘जेवलीस का’, ‘पोचलीस का’ एवढेच असते, आणि गठ्ठा जाड होतो म्हणून बऱ्याचदा तीच पाने वगळली जातात.