ऊर्जा तारांकन पट्टी आणि घरगुती खरेदी (सोलापूर)

फ्रीज, एसी, पंखा, गिझर अशी उपकरणे वीज किती काटकसरीने वापरतात, हे एक ते पाच ताऱ्यांत सांगणारी पट्टी. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने (बीईई) ही योजना २००६ मध्ये आणली. सुरुवातीला ऐच्छिक असलेली पट्टी पुढे एकेका उपकरणासाठी सक्तीची झाली; छताच्या पंख्यांना ती २०२३ पासून लागू आहे.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे इथे पट्टीचा प्रभाव सर्वाधिक दिसतो तो एसीच्या खरेदीत. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा, दुसरा ‘किती स्टारचा?’ ताऱ्यांखाली छापलेला वार्षिक युनिटचा आकडा मात्र फारसे कुणी वाचत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. एसीचा हा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढतात. ज्यांच्याकडे एसी फक्त एप्रिल-मे महिन्यांत रात्रीपुरता चालतो, त्यांची बचत त्या मानाने कमीच. फाइव्ह स्टारसाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. उलट महावितरणच्या घरगुती दरात महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटनंतर टप्पा बदलून दर चढतो. एसीमुळे तीनशेची रेघ ओलांडणाऱ्या घराला वाचलेले युनिट महागड्या टप्प्यातले असते.

पट्टीवर छापलेला तिच्या वैधतेचा कालावधीही पाहावा लागतो. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले आणि आधीचा पाच तारे असलेला एसी चार ताऱ्यांवर आला. सवलतीत निघणाऱ्या जुन्या मालाबाबत हे विशेष महत्त्वाचे.

हिशेबाने पाहता पंखा जास्त फायद्याचा ठरतो, पण त्याची चर्चा कमी होते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. दिवसाला १५ तास धरले, तर ३०० दिवसांत एका पंख्यामागे दोनशे युनिट वाचतात. टाकीच्या गिझरचे तारे पाणी किती लवकर तापते हे सांगत नाहीत, तापलेल्या पाण्याची उष्णता किती टिकते हे सांगतात. आंघोळीपुरते बटण दाबणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच.

भाड्याच्या खोल्यांत गणित उलटे होते. उपकरण घरमालक घेतो आणि लाईट बिल भाडेकरू भरतो, म्हणून तिथे स्वस्त मालच बसवला जातो. स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेल्या पत्र्याच्या कूलरवर तर पट्टीच नसते.