सागरी मासेमारी नियमभंगाची प्रकरणे (महाराष्ट्र)

बंदी काळात, बंदी क्षेत्रात, मनाई केलेल्या जाळ्यांनी किंवा परवान्याविना केलेल्या मासेमारीबद्दल नौकेवर व तिच्या मालकावर होणारी कायदेशीर कारवाई. महाराष्ट्रात ती मुख्यतः ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ खाली होते. हा कायदा ४ ऑगस्ट १९८२ पासून लागू आहे. बंदरावर याला ‘केस’ म्हणतात, पण यातली बहुतेक प्रकरणे न्यायाधीशापुढे जातच नाहीत. ती सरकारी अधिकाऱ्यापुढे चालतात आणि दंड भरून मिटतात. समुद्रातल्या नियमांचा वचक पुरेसा का बसला नाही, हे समजायला या व्यवस्थेकडेच पाहावे लागते.

कायद्याची पार्श्वभूमी संघर्षाची आहे. यांत्रिक ट्रॉलर (पिशवीसारखे जाळे ओढत नेणाऱ्या नौका) किनाऱ्याजवळ येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले, तसे गोव्यातले रापणकार (किनाऱ्यावरून लांब जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि केरळातले छोटे मच्छीमार सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले. १९७६ मध्ये केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि १९७९ मध्ये किनारी राज्यांना कायद्याचा नमुना मसुदा पाठवला. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये कायदा केला. राज्यघटनेनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्याचा विषय असला, तरी राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांच्या जलधी क्षेत्रापर्यंतच चालतो. त्यापुढे २०० मैलांपर्यंतची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते.

नियम कागदावर कडक आहेत. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. किनाऱ्यालगत काही वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीपर्यंत ट्रॉलिंगला मनाई आहे, रात्रीच्या ट्रॉलिंगवरही बंदी आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पालघरमधल्या झाईपासून रायगडमधल्या मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात पर्ससीन (मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचे मोठे जाळे) पूर्ण बंद झाले. मुरुडच्या दक्षिणेला ते १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्यापुरतेच उरले आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणायचे ठरले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून मारण्यावर आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या बुल ट्रॉलिंगवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवले. त्यानुसार १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडणे हा नियमभंग आहे.

कारवाईची रीत अशी. मत्स्यव्यवसाय विभागाची गस्ती नौका संशयित नौका थांबवते. परवाना, नोंदणी, जाळी आणि मासळी तपासली जाते. तांडेल (नौकेचा प्रमुख) व खलाशी यांच्यासमोर पंचनामा होतो आणि नौका बंदरात आणून अवरुद्ध केली जाते. मासळी नाशवंत असल्याने तिचा तिथेच लिलाव होतो व रक्कम सरकारजमा राहते. अंमलबजावणी अधिकारी मग अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, प्रतिवेदन दाखल करतो. मालकाला म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते, सुनावणी होते आणि आदेश निघतो. त्याविरुद्ध अपील करता येते. दंड मालकाकडून वसूल होतो. नौकेवर राबणारे खलाशी, ज्यांत कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि नेपाळहून आलेले बरेच असतात, केवळ साक्षीला उरतात.

मूळ कायद्याची खरी कमजोरी दंडाच्या हिशेबात होती. दंड नौकेवर सापडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता आणि कमाल मर्यादा साधारणपणे त्या किमतीच्या पाचपट होती. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. पण गस्ती नौका लांबून दिसताच जाळे सोडून द्यावे, मासळी समुद्रात लोटावी, की लिलावात हाती लागणार चार टोपल्या. चार टोपल्यांच्या पाचपट दंड हा लाखोंची बांगडा-तारली एका रात्रीत ओढणाऱ्या मालकाला धंद्यातल्या डिझेलसारखाच एक खर्च होता. शिवाय अभिनिर्णयाचे काम तहसीलदाराकडे होते. महसूल, निवडणुका, पूर आणि पीकपाहणी सांभाळणाऱ्या त्या कार्यालयात मासेमारीच्या प्रकरणांवर तारखा पडत राहत. तोवर हंगाम संपून जाई.

२०२१ च्या अखेरीस अध्यादेश काढून ही दोन्ही कलमे बदलण्यात आली. अभिनिर्णयाचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे आला आणि दंड मासळीच्या किमतीपासून सुटून ठरावीक रकमांवर गेला. एलईडी किंवा बुल ट्रॉलिंगसाठी तो ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत आहे. आता नौकेवर मासळी नसली, तरी जनरेटर आणि दिव्यांचा संच सापडणे कारवाईला पुरते. चाळीस वर्षांनी का होईना, ही दुरुस्ती योग्य दिशेने झाली. मात्र पकडणारा आणि निवाडा करणारा आता एकाच खात्याचा आहे, आणि यावर मालकांनी घेतलेला आक्षेप गैरवाजवी म्हणता येत नाही.

प्रकरण टिकते की ढासळते, हे बहुधा नौका नेमकी कुठे होती यावर ठरते. ‘आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो’ हा मालकांचा नेहमीचा बचाव. कर्नाटकातल्या मलपी बंदराच्या हायस्पीड ट्रॉलरबाबत तर सिंधुदुर्गात वर्षानुवर्षे हीच तक्रार आहे, की गस्ती नौका पोहोचेपर्यंत ते निघून गेलेले असतात. नौकेवरचा क्रमांक झाकलेला असेल तर पुरावाच उरत नाही. म्हणून आता ड्रोन आले. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर त्यांची गस्त सुरू झाली. त्याआधी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरातील एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला होता. नौकेचे स्थान सांगणारे हे यंत्र वादळात जीव वाचवण्यासाठी आहे, पण जागेच्या वादातही त्याचा उपयोग होऊ शकतो.

न्यायालये या चित्रात येतात ती प्रामुख्याने बंदीच्या वैधतेपुरती. केरळने जलधी क्षेत्रात पर्ससीन व तशाच घेरणाऱ्या रिंगसीन जाळ्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. व्यवसायस्वातंत्र्यापेक्षा पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका राखणे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. महाराष्ट्रातल्या बंदीच्या समर्थकांनाही या निकालाचा आधार आहे. तमिळनाडूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्याच जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशाने मात्र जलधी क्षेत्राबाहेर आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी व गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत पर्ससीनला अटींसह मुभा दिली. त्या नौकांवर स्थान दाखवणारे यंत्र असणे ही त्यातली एक अट होती.

फौजदारी खटले वेगळ्या कायद्यांखाली चालतात. समुद्री कासव, देवमासा किंवा २००१ पासून संरक्षित असलेला व्हेल शार्क मारल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागतो आणि आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो. विदेशी नौकांसाठी केंद्राचा १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार, संबंधित देशांत तसा करार नसेल तर जलधी क्षेत्राबाहेरच्या आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्याला कैद देता येत नाही, दंडच करता येतो.

आणखी एका प्रकारचे खटले कोकणात होतात. गस्त वेळेवर येत नाही म्हणून मालवण-आचरा पट्ट्यातल्या रापण व गिलनेट (पाण्यात उभे सोडायचे जाळे) वापरणाऱ्या मच्छीमारांनी घुसखोर नौका स्वतः समुद्रात अडवल्या, झटापटी झाल्या आणि पोलिसांनी या मच्छीमारांवर गुन्हे नोंदवले. नियम मोडणारी नौका दंड भरून पुन्हा समुद्रात गेली, तर नियमासाठी भांडणारा रापणकार फौजदारी न्यायालयाच्या तारखांना हजेरी लावत राहिला. मासेमारी कायद्याच्या अंमलबजावणीतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याला हात लावलेला नाही.