लाल विंचू, प्राझोसिन आणि अल्फा रिसेप्टर

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाड तालुक्यात प्रॅक्टिस करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. ही मुळात रक्तदाबाची गोळी. विषाला ती हातही लावत नाही, तरी जीव वाचवते. असे का होते, हे कळायला शंभरेक वर्षे मागे जावे लागते.

केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी 1878 साली मांजरांच्या लाळेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पायलोकार्पिन दिले की लाळ सुटे, अॅट्रोपिन दिले की थांबे, आणि कोणाचा जोर चालेल हे मात्रेवर ठरे. दोन्ही औषधे शरीरातल्या एकाच कुठल्यातरी पदार्थाशी जोडली जात असावीत, असा त्यांनी तर्क केला. 1905 साली कोंबडीच्या स्नायूंवर त्यांनी तो पुढे नेला. स्नायूला जाणारी नस (मज्जातंतू) कापून ती पूर्ण निकामी झाल्यावरही निकोटिनने स्नायू आखडे, म्हणजे औषध नसेवर काम करत नव्हते. क्युरारे हे स्नायू लुळे करणारे विष दिल्यावर निकोटिनचा परिणाम थांबे, पण थेट विजेचा झटका दिला की स्नायू आकुंचन पावे. म्हणजे आकुंचनाची यंत्रणा शाबूत होती. दोहोंच्या मध्ये औषध स्वीकारणारे काहीतरी आहे, एवढेच उरत होते. कोणीही न पाहिलेली गोष्ट निव्वळ युक्तिवादाने दाखवून देणारा हा प्रयोग मला आजही थक्क करतो. ‘रिसेप्टर’ हे नाव मात्र पॉल एर्लिख यांच्याकडून, प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून आले.

अनेक वर्षे पुष्कळ शास्त्रज्ञांना ही कल्पना पटत नव्हती. 1948 साली अमेरिकेत रेमंड अॅलक्विस्ट यांनी अॅड्रेनलिन या संप्रेरकासारखी सहा रसायने वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. कोणते रसायन जास्त प्रभावी आणि कोणते कमी, हा क्रम सगळ्या अवयवांत मिळून दोनच तऱ्हांचा निघाला, म्हणून त्यांनी रिसेप्टरचे दोन प्रकार मांडले: अल्फा आणि बीटा. त्यांचा निबंध आधी एका नियतकालिकाने नाकारला होता. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच विभागणीवरून प्रोप्रानोलॉल हा बीटा रोखणारा रेणू घडवला आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळाले.

विंचवाच्या दंशात ही विभागणी जीवन-मरणाची ठरते. विषामुळे नसांच्या पेशींतले सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत, नसांची टोके उत्तेजित राहतात आणि अॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात ओतली जातात. घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. अल्फा रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर बोजा पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. इथे बीटा रोखणारे औषध दिले तर आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि हृदयाचा जोर मात्र कमी होतो, म्हणजे धोका वाढतो. प्राझोसिन अल्फा-1 रिसेप्टर अडवते, वाहिन्या सैलावतात. बावस्करांच्या नोंदींनुसार, प्राझोसिनपूर्वी पश्चिम भारतात या रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, पुढे उपलब्ध झाली. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये 70 रुग्णांवर केलेली चाचणी 2011 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. लस विष निष्प्रभ करते. आधीच रक्तात उतरलेल्या द्रव्यांना अल्फा रिसेप्टरपाशी अडवण्याचे काम गोळी करते.