इंग्रजी व्यापारी पत्रांतील फ्रेझल व्हर्ब : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदारांकडून आमच्या नाशिकच्या भाषांतर कार्यालयात येणाऱ्या इंग्रजी पत्रांतले बहुतेक शब्द ग्राहकांना ठाऊक असतात. अडचण येते ती दोन सोपे शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ देतात तेथे. क्रियापदाला अप, ऑफ, डाउन यांसारखा छोटा शब्द जोडून होणाऱ्या अशा रचनेला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ही रीत आपल्याला परकी नाही. ‘मनावर घेणे’, ‘फैलावर घेणे’, ‘आवरते घेणे’ यांत हाताने काहीच घ्यायचे नसते, तरीही आपण अडत नाही, कारण हे प्रयोग आपण अखंडच शिकलेलो असतो. इंग्रजीतले प्रयोगही तसेच शिकावेत.

खरेदीदाराने मालाची रवानगी ‘पुट ऑफ’ केली तर ती पुढे ढकलली गेली आणि ‘कॉल ऑफ’ केली तर रद्द झाली. द्राक्षासारख्या नाशवंत मालात ही गल्लत फार महाग पडते. मात्र सुट्या भागांच्या पुरवठ्यात ‘कॉल-ऑफ ऑर्डर’ असे नाम आले तर घाबरू नये; आधी ठरलेल्या एकूण मागणीपैकी लागेल तेवढा माल टप्प्याटप्प्याने मागवणे, असा त्याचा अर्थ आहे. तेथे रद्द काहीच होत नाही, उलट माल पाठवायचा असतो.

‘टर्न डाउन’चे अर्थही असेच वेगवेगळे आहेत. देकार ‘टर्न डाउन’ केला म्हणजे नाकारला, पण लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, शाफ्ट (गोल दांडा) ‘टर्न डाउन’ करायला सांगितला असेल तर त्याचा व्यास कमी करायचा आहे. म्हणून क्रिया कशावर होते आहे, हे आधी पाहावे.

स्वतः लिहिताना दोन गोष्टी जपाव्यात. ड्रॉइंग नजरेखालून घालावे अशी विनंती ‘लूक ओव्हर’ने होते, ‘ओव्हरलूक’ लिहिल्यास त्याकडे दुर्लक्ष करा, असा अर्थ होतो. तसेच यंत्र बंद करा या अर्थी ‘टर्न ऑफ द मशीन’ आणि ‘टर्न द मशीन ऑफ’ दोन्ही बरोबर असले, तरी सर्वनाम मधेच यावे लागते : ‘टर्न इट ऑफ’. ‘लूक इंटू इट’ (त्याची चौकशी करा) यासारखे काही प्रयोग मात्र तोडता येत नाहीत. करारनाम्यात शक्यतो ‘पोस्टपोन’ किंवा ‘कॅन्सल’ असा एकच निःसंदिग्ध शब्द वापरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शंका विचारताना सुटे वाक्य न आणता संपूर्ण पत्र, शक्य असल्यास मूळ ऑर्डरसह, आणावे.